डोक्यावर पाणी किती

आमच्या इमारतीच्या जिन्यावर एक अज्ञात व्यक्ती हेतुपुरस्सर पाणी ओतते, अशी लेखी तक्रार मी सोसायटीच्या सचिवांकडे दाखल केली आणि त्याच संध्याकाळी आरोपी स्वतःहून माझ्या दारात हजर झाली. साठी ओलांडलेली, ठेंगणी, नेसूचे सुती लुगडे घोट्याच्या वर खोचलेले, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेले भिंग आणि हातात पाण्याची बाटली. म्हणजे गुन्ह्याचे साधनसुद्धा तिने बरोबर आणले होते.

"ती अज्ञात व्यक्ती मी," ती म्हणाली. "जुबेदा मुजावर. वरच्या मजल्यावर नवीन आलीय राहायला. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होते. तुमची तक्रार वाचली. अक्षर झकास हाय."

"बाई, प्रश्न अक्षराचा नाही. त्या पाण्यावरून एखादा वृद्ध घसरला तर जबाबदारी कोणाची?"

"माझीच की. चला खाली, दाखवते."

जिन्याला बिल्डरने नुकताच राजस्थानी पिवळा दगड बसवला होता. त्याच्या दर्जाबद्दल माझा बिल्डरशी पत्रव्यवहार चालूच होता. बाईंनी पायरीवर बाटली कलती केली. निस्तेज पिवळा रंग गडद झाला आणि त्यातून, कोणी आत दिवा लावावा तशा, पांढऱ्या वाटोळ्या रेघा उमटल्या.

"हा शिंपला. हा दुसरा. हा मोडका. तुम्ही रोज सकाळी समुद्राच्या तळावरनं चालत दूध आणायला जाता आणि तुम्हाला पत्ता न्हाई!"

मी जन्मभर न्यायालयाच्या कचेरीत काम केले. समोर आलेला पुरावा नाकारण्याची मला सवय नाही. मात्र एकदा दिलेला अर्ज मागे घेण्याचीही सवय नाही. तक्रारीत मी एवढीच दुरुस्ती केली, की सदर व्यक्तीने पाणी ओतल्यानंतर ते स्वतः पुसून घ्यावे. दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात फडके दिसू लागले. मला त्या 'अर्जदार' म्हणू लागल्या. माझे नाव त्यांनी पुढे कधी उच्चारल्याचे मला स्मरत नाही.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत लोक एकमेकांना ओळखतात ते दुकानावरून, दवाखान्यावरून किंवा क्लासवरून. मुजावर बाईंना लोक ओळखत ते बाटलीवरून. लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडत असताना त्या खुर्ची मागे सरकवून फरशी ओली करीत. एकदा दंतवैद्याकडे ओट्याच्या काळ्या दगडावर पाणी ओतून त्या भिंग लावून बसल्या आणि नंबर पुकारला तरी उठल्या नाहीत. कोणी हसले तर त्या रागावत नसत. "कोरडा दगड तोंड मिटून बसतो," एवढेच सांगत.

ही सवय त्यांना वडिलांकडून आलेली. वडील हातकणंगल्याचे, फरशी बसवण्याचे काम करीत. फरशी आधी ओली करायची, तिचे 'तोंड' कोणते ते पाहायचे आणि मगच चुना लावायचा, हा त्यांचा नेम. "मी बापाचाच धंदा चालवते," बाई म्हणत. "ते तोंड बघून बसवायचे. मी बसवलेलं बघते."

त्यांचा एक प्रश्न मात्र खास त्यांचा होता. तो म्हणजे 'वर कुठं?'. भूगर्भात थर कधी कलंडतात, कधी पूर्ण उलटतात. म्हणून खडकासमोर उभे राहिल्यावर विचारायचे ते आधी हेच, की हा तयार झाला तेव्हा याची वरची बाजू कोणती होती. हा प्रश्न त्या खडकापुरता ठेवीत नसत. वर्तमानपत्रातल्या बातमीला, शेजाऱ्यांच्या भांडणाला, आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताला, सगळ्याला त्या विचारीत, "ह्याचं वर कुठं?" म्हणजे आधी काय घडले आणि नंतर काय. माझे अर्ज त्या शेवटच्या ओळीपासून वर वाचीत. एकदा मी कारण विचारले.

"खालचा थर आधी पडतो, अर्जदार. तुमच्या अर्जात राग आधी पडलाय. कारणं त्याच्यावर नंतर साचलीत."

मला हे वाक्य आवडले नाही. ते खोडून काढता आलेले नाही, हेही नमूद करणे भाग आहे.

बाईंच्या आयुष्याचा विषय होता समुद्रातल्या प्राचीन भित्ती. कोल्हापुरात बसून समुद्राचा अभ्यास म्हणजे काय, असे मी पहिल्यांदा विचारले तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवून सांगितले. आपल्या पायाखालचा काळा पाषाण हा लाव्हा. त्यात समुद्र शोधून उपयोग नाही. पण दक्षिणेला, कर्नाटकात, बागलकोटच्या बाजूला चुनखडीचे थर आहेत. ते शंभर कोटी वर्षांहूनही जुने. तिथे तेव्हा उथळ समुद्र होता. त्यात मासा नव्हता, शिंपला नव्हता, प्रवाळही नव्हते. होता फक्त एक चिकट, हिरवट साय धरणारा सूक्ष्म जीव. उन्हासाठी तो वर सरके, अंगावर पडलेला गाळ चिकटवून घेई, पुन्हा त्यावर नवी साय धरी. असे थरावर थर चढून घुमट झाले, घुमटांचे खांब झाले, खांबांची भिंत झाली. तीच ती भित्ती. आजची प्रवाळभित्ती तिची फार नंतरची वारस.

"तिचं सगळं गणित पाण्यावर," बाई म्हणाल्या. "पाणी अगदी उथळ असलं, तर वर जायला जागा न्हाई, मग ती आडवी पसरते. पाणी हळूहळू वाढलं, की ती बी मागोमाग वर चढते, उंच खांब होतात. पाणी झपाट्यानं वाढलं, की ऊन पोचत न्हाई. वर चिखल बसतो. बुडाली."

"म्हणजे भिंत पाहून समुद्र कधी चढला ते कळते. मग प्रश्न काय उरला?"

त्याचे उत्तर मला मिळाले पुढे, पुराच्या दिवसांत. पंचगंगेचे पाणी शहरात शिरले होते, बाईंची धाकटी बहीण आपले नदीकडचे घर सोडून त्यांच्याकडे राहायला आली होती आणि आम्ही सगळे गच्चीवर उभे होतो. बहीण फोनवर शेजाऱ्यांना एकच विचारत होती, "पाणी कुठवर आलंय?" बाई माझ्याकडे वळल्या.

"अर्जदार, समजा तुम्ही त्या घरात कोंडून बसलाय. बाहेरचं काही दिसत न्हाई. पाणी उंबऱ्यापासनं खिडकीपर्यंत आलं. नदी चढली, का घर खचलं?"

"नदी चढली. घर कसे खचेल?"

"पुरावा?"

मी विचारात पडलो. "शेजारचे घर पाहावे लागेल. तिथेही पाणी तितकेच चढले असेल, तर नदी. नाही तर घर."

"झालं! हाच माझा प्रश्न. जमिनीखालचे तुकडे सरकतात, वाकतात, समुद्राचा तळ खचतो. समुद्र बी आपला आपला वरखाली होतो. भित्तीला ह्यातलं काही कळत न्हाई. तिला एवढंच कळतं, डोक्यावर पाणी किती."

बहीण फोन बाजूला धरून म्हणाली, "आपा, माझं घर बुडालंय आणि तू शिकवणी घेतीस व्हय?"

"तुझं घर खचलेलं न्हाई, हे सिद्ध करतीय की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात कितीतरी वेळ तिथेच होता.

हा प्रश्न त्यांनी सोडवला होता. बागलकोटकडच्या ज्या खाणीत ही भित्ती उघडी पडली होती तिथे मी त्यांच्याबरोबर एकदा एसटीने गेलो. मला वाटले होते डोंगर असेल. पाहिले तर धुळीने भरलेला एक खड्डा, आणि त्याच्या एका बाजूला उभी कापलेली करडी भिंत. बाईंनी डबा भरून पाणी भिंतीवर फेकले. त्याबरोबर खालपासून वरपर्यंत सगळे दिसू लागले: तळाशी सपाट रेघा, त्यावर घुमट, घुमटांवर पुरुषभर उंचीचे खांब, आणि खांबांच्या माथ्यावर काळ्या चिखलाची बारीक पट्टी. त्या पट्टीच्याही वर पुन्हा इवले इवले घुमट.

"बुडाली ती इथं," बाईंनी पट्टीवर बोट ठेवले. "आणि इथं परत सुरू झाली."

मग त्यांनी मला खाणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवले. खांबांचा थर एका बाजूला कमरेएवढा आणि दुसऱ्या बाजूला माझ्या डोक्यावर. तळ एकीकडे जास्त खचत होता. भित्ती तेवढी तिकडे जास्त चढली. चिखलाची पट्टी मात्र सगळीकडे सारख्याच जाडीची. ती त्यांना दूर एका ओढ्याच्या काठीही तशीच सापडली होती. म्हणजे खांब उंच झाले ते जमिनीमुळे आणि भित्ती बुडाली ती समुद्रामुळे. एकाच भिंतीत दोघांच्या सह्या होत्या आणि बाईंनी त्या वेगळ्या करून वाचल्या होत्या. त्यावरचा त्यांचा निबंध छापून आला होता.

आणि खाण वाढत होती. मालकाजवळ सर्व परवाने होते. मी ते डोळ्यांत तेल घालून तपासले आणि एकही दोष सापडला नाही म्हणून मला झोप लागेना. कायद्याने पाडता येते, एवढ्यावरून पाडणे न्याय्य ठरत नाही, असे मी महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतल्या कार्यालयांना कळवले. अर्जाचा मसुदा बाईंकडे नेला. त्यात मी 'जगातील एकमेव' असे लिहिले होते. त्यांनी ते खोडले. 'भारतातील सर्वांत प्राचीन' हेही खोडले.

"बाई, इतके सौम्य लिहिले तर कोण वाचणार?"

"एकमेव न्हाई ती. राजस्थानात हायत, आंध्रात हायत. खोटं लिहून वाचवली तर तिच्यासमोर मी उभी कशी राहू?"

शेवटी अर्जात राहिले ते फक्त 'अभ्यासास उपयुक्त'. उत्तर आले नाही. ज्या दिवशी भिंत फुटणार होती, त्या दिवशी मालकाने स्वतः बाईंना फोन केला. भला माणूस होता. "अक्का," तो आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "मशीन थांबवून ठेवलंय. एक कल्लु तुमचा. कुठला पाहिजे तो सांगा." कल्लु म्हणजे दगड. आम्ही मिळेल त्या एसटीने पोहोचलो आणि बाईंनी निवडला तो चिखलाच्या पट्टीसकट, पट्टीच्या खालचे खांब आणि वरचे इवले घुमट असलेला. बाकीच्या भिंतीचा चुना झाला.

परतीच्या एसटीत बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. निबंध आहे, छापलेला आहे, असे मी सांत्वनासाठी म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुमच्या कोर्टात साक्षीदार गेला, नुसता कागद राहिला, तर काय म्हणतात?"

त्याला ऐकीव पुरावा म्हणतात.

म्हणून तो दगड म्हणजे माझ्या दृष्टीने मुद्देमाल होता. ज्याच्यावाचून खटला उभा राहत नाही अशी शेवटची वस्तू. तो बाईंच्या जुन्या महाविद्यालयाच्या आवारात कायमचा बसवावा, यासाठी मी केलेल्या पत्रव्यवहाराचे येथे वर्णन करीत नाही. बाई तेव्हा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पडून होत्या. त्या हिंडू लागल्या तेव्हा चौथरा झाला होता, दगड सिमेंटात बसला होता, 'अतिप्राचीन सागरी भित्ती' अशी पाटी लागली होती आणि अनावरणाची पत्रिका घरी आली होती.

समारंभ उत्तम झाला. प्राचार्यांनी भाषणात दगडातल्या आकृत्यांना उमललेली कमळे म्हटले. दगड बसवणाऱ्या तानाजी मिस्त्रींना फेटा बांधण्यात आला. बाईंना शाल दिली. त्यांनी शाल खुर्चीवर ठेवली, पिशवीतून बाटली काढली आणि दगडावर धार धरली. कमळे लखलखली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंची मान हळूहळू एका खांद्याकडे कलत गेली आणि तशीच राहिली.

"मिस्त्री," त्या जरा वेळाने म्हणाल्या, "ओळंब्यात हाय हो अगदी."

"व्हय बाई. तसूभर हलायचा न्हाई. जड बाजू खाली घेतलीया."

"दिसतंय," बाई म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर त्यांनी मला सांगितले. "अर्जदार, उलटा बसवलाय."

"काय?"

"खालची बाजू वर. ती कमळं न्हाईत, घुमट हायत. पालथे घातलेत. तुमच्या अर्जात कुंपण होतं, दिवा होता, पाटीच्या अक्षरांची उंची होती. वर कुठं, एवढंच न्हवतं."

"मग तिथेच का बोलला नाहीत?"

"फेटा बांधलेला माणूस समोर उभा! आणि त्याचं चुकलं काय? जड बाजू खालीच घ्यायची असती. माझ्या बापानं बी तशीच घेतली असती." त्यांनी बाटलीचे झाकण घट्ट केले. "सुलट वाचलं तर पाणी वाढत गेलं, भित्ती त्याच्यामागनं चढत गेली आणि बुडाली. आता वाचलं तर चिखलातनं निघाली आणि पाणी आटत गेलं. साक्षच फिरली की हो."

शेवटचा साक्षीदार जिवंत होता आणि चौथऱ्यावर उभा राहून खोटे बोलत होता. माझा संताप मी येथे मोजून दाखवणार नाही. दगड सुलट करावा, असा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी केला. 'सौंदर्यदृष्ट्या सद्यःस्थिती समाधानकारक आहे' असे उत्तर आले. मी वरिष्ठांकडे गेलो. 'विषय अभिप्रायासाठी पाठवला आहे' असे कळवण्यात आले. अभिप्राय कोणाकडे मागितला आहे, हे मी माहितीच्या अधिकारात विचारले. तो माझ्याच अर्जाची प्रत जोडून माझ्याकडेच मागितल्याचे निष्पन्न झाले. मी तातडीने अनुकूल अभिप्राय दिला. पावसाळा गेला, हिवाळा गेला आणि लेखी आदेश हाती पडला. दगड महाविद्यालयाच्या खर्चाने फिरवण्यात यावा.

क्रेन आली. तानाजी मिस्त्री आले. सगळे कळल्यापासून ते बाईंच्या नजरेला नजर देत नव्हते. पट्टे आवळण्याआधी बाई म्हणाल्या, "थांबा. एकदा धुऊन बघू दे."

त्यांनी वरून पाणी सोडले. ओघळ सरळ उतरत गेले, आणि खालच्या बाजूला असलेल्या चिखलाच्या पट्टीशी येऊन नाहीसे झाले. बाईंनी पुन्हा धार धरली. पुन्हा तेच. दगड बाकी सगळीकडे ओला होत होता. त्या एका रेघेत पाणी आत मुरत होते.

"शीर गेलीय, आतनं चिरलाय," बाई म्हणाल्या. "क्रेन परत पाठवा."

"बाई, आदेश आहे!" मी तो खिशातून काढला.

"आदेशाला वजन नसतं, अर्जदार. दगडाला असतं. फिरवताना सगळा भार ह्या शिरेवर येणार."

तानाजी मिस्त्री पुढे झाले. "बाई, दोन पट्टं टाकू. मधी लाकडं देऊ. हळू घिऊ."

"खात्री देता?"

मिस्त्रींनी शिरेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. "न्हाई बाई," ते म्हणाले. "खात्री न्हाई."

बाई चौथऱ्याच्या कडेवर बसल्या. सत्य सांगणारा तुटका दगड, की खोटे सांगणारा अखंड, असा तो निवाडा होता, आणि तो देण्याचा अधिकार तिथे दुसऱ्या कोणालाही नव्हता. मी इतक्या न्यायाधीशांना निकाल देताना पाहिले आहे. इतका वेळ कोणी घेतला नव्हता.

"असू दे असाच," त्या उठून म्हणाल्या. "तुटला तर दोन्ही अर्धी मुकी होतील. बुडण्याच्या आधीचं एकीकडं आणि परत जगल्याचं दुसरीकडं. अर्जदार, अर्ज मागं घ्या."

"मी आजवर एकही अर्ज मागे घेतलेला नाही."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या, आणि मिस्त्रींना चहाला घेऊन गेल्या.

बाई मागल्या उन्हाळ्यात गेल्या. आजार फार दिवसांचा नव्हता. त्यांच्या बहिणीने बाटली माझ्याकडे दिली; ती माझ्या टेबलावर आहे. जिन्यावरचा दगड आता लोकांच्या पायांनी गुळगुळीत झाला आहे, पण पाणी टाकले की शिंपले अजून वर येतात. पुसून मीच घेतो.

त्यांची जी मूर्ती माझ्या डोळ्यांसमोर राहिली आहे, ती क्रेन परत गेल्यानंतर काही आठवड्यांनी दिसलेली. मी महाविद्यालयात नवा अर्ज घेऊन निघालो होतो. पाटीखाली 'ही शिला उलटी बसवलेली आहे' असा मजकूर कोरावा, ही मागणी. फाटकातून आत आलो आणि जागीच थांबलो. चौथऱ्याभोवती भूगर्भशास्त्राच्या वर्गातली मुले-मुली पाठ करून, कमरेत वाकून, आपल्याच दोन पायांमधून दगडाकडे पाहत होती. कोणाची वेणी धुळीत लोळत होती, कोणाच्या खिशातून मोबाईल पडला होता. आणि त्यांच्या मधोमध, गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या मुजावर बाई एका हाताने मुलीचा खांदा धरून तशाच वाकलेल्या होत्या.

"सांगा, पाणी चढतंय का उतरतंय?"

"चढतंय!" एकजण ओरडला.

"कशावरनं?"

"मॅडम, खांब लांब होत गेलेत."

"आणि मग?"

"बुडाली!" ही एक मुलगी. मग जरा थांबून, "न्हाई मॅडम, वर परत आलीय की!"

"पाटीवर हे लिवलंय?"

"न्हाई."

"मग कुणी सांगितलं?"

एका मुलीने वाकल्यावाकल्याच दगडाकडे बोट केले. सगळे हसत होते आणि रक्त उतरून सगळ्यांचे चेहरे लाल झाले होते. तेवढ्यात बाईंना पायांमधून मी दिसलो.

"काय हो अर्जदार! आता कुणावर?"

मी हातातला कागद आडवी घडी घालून खिशात ठेवला. तो पुढे दाखल झाला नाही.

"दगड फिरत न्हाई म्हणून पोरं फिरवली," त्या तशाच वाकून म्हणाल्या. "या, वाका जरा. इथनं तुम्ही बी मला उलटंच दिसताय."

मी इकडेतिकडे पाहिले, पिशवी खाली ठेवली, आणि वाकलो.